मागच्या बिंदूपासून

नवऱ्याला बायकोचा हेवा वाटू लागला, की तो आधी भाजीत मीठ शोधतो. लखनौच्या महानगर कॉलनीत माथुरांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या हेमचंद्र ताम्हनकराला १९९५च्या नोव्हेंबरपासून रोज भाजीत मीठ कमी लागत होतं. ज्या दिवशी कमी लागायचं नाही, त्या दिवशी जास्त लागायचं. वसुधा, म्हणजे त्याची बायको, पहिले आठ-दहा दिवस बिचारी भाजी पुन्हा चाखून बघायची. मग तिनं मिठाची बरणीच त्याच्या ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली. तेरा वर्षांची अबोली म्हणायची, "पापा, सब्जी तो बिल्कुल ठीक है," आणि हेमचंद्राच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

हेमचंद्र मूळचा सांगलीचा. लखनौच्या एका संशोधन संस्थेत एकोणीस वर्षं ड्राफ्ट्समन. मोठमोठे शास्त्रज्ञ पाकिटाच्या मागं वेडंवाकडं काहीतरी खरडून आणायचे आणि हेमचंद्र त्याचं असं ड्रॉइंग करून द्यायचा की वर्कशॉपवाल्यांना तोंड उघडून काही विचारावं लागू नये. त्याचं अक्षर तर छापल्यासारखं. साखरपुड्याला त्यानं काळ्या शाईच्या ड्रॉइंग पेननं 'वसुधा' एवढंच एका कार्डावर लिहून दिलं होतं आणि मिरजेच्या त्या मुलीनं ते कार्ड आठवडाभर मैत्रिणींना दाखवलं होतं. ही गोष्ट तो अजून अधूनमधून सांगायचा. वसुधा सायन्सचं पहिलं वर्ष करून लग्न होऊन इकडे आली, ती कायमची. घरात एक ड्रॉइंगवाला आणि बाकीचे बघणारे, अशी व्यवस्था सोळा वर्षं बिनतक्रार चालली होती.

मग संस्थेनं कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, आत शिरताना चपला बाहेर. त्यात ऑटोकॅड होतं, म्हणजे ड्रॉइंग काढायचा प्रोग्राम. विभागप्रमुख मिश्राजींनी सांगून टाकलं, की जो हे शिकून दाखवील त्याच्याकडे त्या खोलीची चावी. दुसरा उमेदवार म्हणजे आदेश नावाचा सत्तावीस वर्षांचा ज्युनियर. आणि ज्याला चावी मिळणार नाही त्यानं रेकॉर्ड रूममध्ये बसून तीस वर्षांचे जुने ट्रेसिंग पेपर नंबरवार लावायचे. हेमचंद्रानं त्याच संध्याकाळी घराजवळच्या कपूरथला बाजारातल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नाव घातलं.

सेंटरमध्ये चार कॉम्प्युटर आणि वीस विद्यार्थी. शिकवणारे नकवी सर सव्वीस वर्षांचे, पण बोलण्यात अशी अदब की विद्यार्थ्याची चूकही ते माफी मागून दाखवायचे. त्यांचा एक दंडक होता. प्रत्येकाला कॉम्प्युटर मिळणार अर्धा तास, म्हणून आकृतीच्या आकड्यांची यादी घरूनच कागदावर लिहून आणायची आणि इथे नुसती टाइप करायची. पहिले दोन आठवडे झकास गेले. कागदाचा डावा खालचा कोपरा म्हणजे शून्य, आणि प्रत्येक बिंदू त्या कोपऱ्यापासून किती उजवीकडे आणि किती वर, असे दोन आकडे. हे तर हेमचंद्र एकोणीस वर्षं बोर्डावर करतच होता. एका कोपऱ्यावर पट्टी टेकवायची आणि सगळं तिथून मोजायचं. शून्य हलू द्यायचं नाही, हा त्याचा धर्म होता.

तिसऱ्या आठवड्यात नकवी सरांनी दुसरी रीत काढली. आकड्यांच्या आधी ॲट द रेटची खूण टाइप करायची. ही खूण दिसली की कॉम्प्युटर तो कोपरा विसरतो आणि मागच्या बिंदूपासून मोजतो. उजवीकडे साठ गेलात, आता वर वीस जायचंय, तर लिहा ॲट द रेट, शून्य, वीस. डावीकडे किंवा खाली जायचं तर आकडा उणे. पहिला बिंदू कुठे होता, याची चौकशीच नाही. हेमचंद्राला ही रीत बघताक्षणी आवडली नाही. त्याला त्यात एक प्रकारचा उडाणटप्पूपणा वाटला.

त्या संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर गृहपाठ घेऊन बसला. जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची एक पट्टी होती, बारा कोपऱ्यांची. समोर वसुधा अबोलीचा स्वेटर विणत बसली होती. हेमचंद्र लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा.

"ही कसली खूण?" तिनं विचारलं.

आता सांगायला कुणाला आवडत नाही? हेमचंद्रानं पेन खाली ठेवलं आणि शाळामास्तरासारखं समजावलं. "हे बघ. ही खूण म्हणजे जिथे आहेस तिथून. शून्याकडे वळून बघायचं नाही. आत्ता उभी आहेस तिथून उजवीकडे किती, वर किती, एवढंच सांगायचं."

"म्हणजे विणकामासारखं," वसुधा म्हणाली. "आपण कुठे म्हणतो काठापासून बेचाळिसावा टाका? इथून चार सुलट, मग दोन उलट. हातातल्या टाक्यापासून पुढे."

"तसं नाही ते. हे इंजिनीअरिंग आहे."

"हो का," असं म्हणून तिनं सुया बाजूला ठेवल्या, कागद स्वतःकडे ओढला आणि अबोलीच्या पेन्सिलीनं बाराच्या बारा ओळी भराभर लिहून दिल्या. हेमचंद्रानं त्यात चूक शोधली. पंधरा मिनिटं शोधली. नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कागद पाहून नकवी सर म्हणाले, "वाह, ताम्हनकर साहब." त्या दिवशी हेमचंद्र खूश झाला, हे कबूल करायला हवं. घरी येताना त्यानं बायकोसाठी तिळगुळाचं गजकही आणलं. पण मग हे रोजचंच झालं. तो आकृती आणायचा, ती यादी करायची, तो टाइप करायचा आणि वाहवा घ्यायचा. पानावर बसलं की आयतं वाढलेलं मिळावं तसा प्रकार. आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की वसुधा दारात येते ती त्याच्यासाठी नाही, त्याच्या पिशवीतल्या कागदासाठी. तिनं चौकटीच्या वहीत स्वतःच्या मनानं कोयरी काढून तिची यादी केली होती. भाकरी थापताना ती पुटपुटत असायची, आणि ते स्तोत्र नव्हतं. एकदा अबोली शाळेत सांगून आली की मम्मी कॉम्प्युटर शिकतेय. मम्मीनं तर तोवर कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता.

तेव्हापासून भाजीत मीठ कमी पडू लागलं. त्याला राग कशाचा यायचा, तर तिला कष्ट पडत नव्हते याचा. तो कपाळाला आठ्या घालून घाम गाळायचा आणि तिचं आपलं गप्पा मारता मारता व्हायचं. ज्या मुलीनं त्याच्या अक्षराचं कार्ड मिरवलं, तीच आता त्याचा कागद उलटा धरून म्हणायची, "इथे तुमचं उणे राहिलं." प्रेमानंच म्हणायची. ते तर त्याला जास्तच झोंबायचं.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर नकवी सरांनी त्याला थांबवलं. हातात आदल्या दिवशीचा गृहपाठ होता.

"ताम्हनकर साहब, बुरा न मानिए. ये लिखाई आपकी नहीं है."

"मेरी मिसेस ने फेअर किया है," हेमचंद्र म्हणाला. तयारच होतं त्याचं उत्तर.

"जी. पर नीचे ये भी उन्होंने ही लिखा होगा?" सरांनी कागद पुढे केला. यादीच्या खाली गोल अक्षरात लिहिलं होतं, 'बाएँ का जोड़ पाँच कम है. आकृति बंद नहीं होगी.' हेमचंद्रानं ही ओळ वाचलीच नव्हती. घरून निघताना कागदाची घडी घालून खिशात टाकायचा, एवढाच त्याचा त्या कागदाशी संबंध. "सवाल में गलती मेरी थी," नकवी सर म्हणाले. "जितना दाएँ गए, उतना बाएँ लौटना चाहिए, तभी शकल बंद होगी. बीस लोगों ने बनाया, बीसों ने आख़िर में क्लोज़ दबाकर टेढ़ी लाइन से बंद कर दिया. आपने भी. किसी ने नहीं देखा. सिर्फ़ भाभीजी ने देखा, वो भी बग़ैर कॉम्प्युटर के. उस्ताद तो वो हैं, साहब."

हेमचंद्र हसला. दात दिसतील एवढं हसणं त्याला जमलं.

मग सरांनी एक न चिकटवलेलं पाकीट दिलं, आत चिठ्ठी होती. जानेवारीपासून सेंटरमध्ये दुपारी बायकांची वेगळी तुकडी सुरू होणार होती, आठवड्याचे पाच दिवस. शिकवायला ठरलेल्या बाई ऐनवेळी कायमच्या कानपूरला गेल्या होत्या. कॉम्प्युटर चालवणं आम्ही पंधरा दिवसांत शिकवू, पण अशी नजर शिकवता येत नाही, असं म्हणत नकवी सरांनी सांगितलं, की येत्या रविवारी अकरा वाजता भाभीजींनी मालकांना भेटायला यावं. पाकिटावर उर्दूच्या वळणाच्या हिंदी अक्षरात लिहिलं होतं, 'मोहतरमा वसुधा जी'.

हेमचंद्रानं ते पाकीट स्कूटरच्या डिकीत टाकलं, फडक्याखाली. महानगरच्या चौकापर्यंत येईतो त्याचं ठरलं होतं, की घरी गेल्यावर सांगायचं. गेटपाशी आल्यावर ठरलं, की जेवण झाल्यावर सांगायचं. जेवताना वसुधानं विचारलं, "आज आकृती नाही आणली?" आणि तिच्या आवाजातली ती उत्सुकता ऐकून त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता कागदाचं काम संपलं. आता सगळं तिथेच, कॉम्प्युटरवर."

"अच्छा," वसुधा म्हणाली आणि तिनं चौकटीची वही टेबलावरून उचलून कपाटात ठेवली.

खोटं बोलणाऱ्याला देव लगेच गाठत नाही म्हणतात. हेमचंद्राला दोन दिवसांत गाठलं. गुरुवारी मिश्राजींनी दोघांची परीक्षा ठेवली. एसीच्या खोलीत चार माणसं खुर्च्या टाकून बसली आणि हेमचंद्राच्या हातात एका पायऱ्यापायऱ्यांच्या पट्टीचं ड्रॉइंग दिलं. हे तर त्यानं दहा वेळा केलं होतं. म्हणजे दहा वेळा टाइप केलं होतं. आज यादी स्वतः करायची होती. त्यानं ॲट द रेट प्रत्येक ओळीत अगदी न चुकता टाकलं, ते तर पाठ होतं. पण पुढचे आकडे हाताच्या सवयीनं त्या डाव्या कोपऱ्यापासूनच मोजले गेले. साठ गेल्यावर वर वीस, तर त्यानं टाइप केलं साठ, वीस. कॉम्प्युटरनं इमानानं आणखी साठ पुढे नेलं. पुढच्या ओळीला आणखी पंचेचाळीस. पट्टीच्या पायऱ्या पडायच्या त्याऐवजी एक तिरकी रेघ वर वर चढत निघाली आणि चौथ्या ओळीला स्क्रीनच्या बाहेर गेली. हेमचंद्र तरी टाइप करतच राहिला. रेघ परत येईल असं त्याला वाटत होतं.

"ताम्हनकरजी, पट्टी कहाँ गई?" मिश्राजींनी विचारलं. मागं कुणीतरी खोकलं. आदेशचंही तेव्हा फार काही बरं झालं नाही, पण त्याची आकृती निदान स्क्रीनवर होती. मिश्राजींनी एकोणीस वर्षांच्या नोकरीचा मान ठेवून सोमवारी सकाळी आणखी एक संधी दिली. तेव्हाही पट्टी पळाली तर चावी आदेशला आणि हेमचंद्र रेकॉर्ड रूमला.

नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं हेमचंद्रानं आधी कीबोर्डला दोष दिला, मग व्होल्टेजला. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्याला कळून चुकलं, की आता एकच माणूस आपल्याला वाचवू शकतं आणि ते घरी मटार सोलत बसलंय. ज्या बाईवर जळायचं तिच्यापुढेच पाटी घेऊन बसायचं, यासारखी शिक्षा नाही. काहीतरी न्यायला हवं, म्हणून त्यानं निशातगंजला थांबून लोकरीचे चार गुंडे घेतले, राखाडी रंगाचे. पोटातलं पाप आणि गरज, दोन्हींची किंमत त्यात भागते असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर त्यानं गुरुवारची फजिती सांगितली. पळालेल्या रेघेचं सांगितलं, रेकॉर्ड रूमचं सांगितलं. वसुधा हसली नाही. ती म्हणाली, "बसू या की आपण. दोन दिवस आहेत." त्या साधेपणानं त्याला एकदम बरं वाटलं आणि तो बोलून गेला, "तुझ्यासाठी लोकर आणलीय. डिकीत राहिली बघ. किल्ली खुंटीला आहे."

ती जिना उतरून गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी त्याला आठवलं. तो धावत सुटला. अर्ध्या जिन्यात त्याला वसुधा वर येताना भेटली, चारी गुंडे पोटाशी धरून.

"रंग छान आहे," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नव्हतं. हेमचंद्र खाली गेला, स्कूटर नीट लावल्यासारखं केलं आणि डिकीत हात घालून बघितलं. पाकीट होतं तिथेच होतं, फडक्याखाली. त्याचा जीव भांड्यात पडला.

टेबलावर चौकड्यांचं मेणकापड होतं. वसुधानं त्यावर एक मटारचा दाणा ठेवला. "हे तुम्ही. आता आकडा लिहायच्या आधी प्रत्येक वेळी म्हणायचं, मी इथे आहे. मग बघायचं कुठे जायचंय ते."

"मी काय बालवाडीत आहे?"

"एकदा म्हणून तर बघा."

हेमचंद्रानं इकडेतिकडे बघितलं. अबोली आतल्या खोलीत अभ्यास करत होती, निदान तसं दाखवत होती. "मी इथे आहे," तो पुटपुटला आणि दाणा सहा चौकड्या सरकवला. "उजवीकडे साठ." त्याचं बोट आपोआप डाव्या कोपऱ्याकडे गेलं. वसुधानं अलगद त्याच्या बोटावर सुई टेकवली. "तिकडे नाही. तिथून तुम्ही निघालात. आता तुम्ही इथे आहात."

शुक्रवार गेला, शनिवारची दुपार आणि संध्याकाळ गेली. त्याचं बोट शंभर वेळा कोपऱ्याकडे पळालं आणि तिनं शंभर वेळा परत आणलं, न चिडता. शेवटी शेवटी तिनं सांगितलं, की यादी झाली की उजवीकडचे सगळे आकडे एकीकडे आणि डावीकडचे दुसरीकडे, वरचे एकीकडे आणि खालचे दुसरीकडे मिळवून बघायचे. सारखे आले पाहिजेत. नाहीतर कुठेतरी लबाडी झालीय. लबाडी हा शब्द तिनं सहजच वापरला असावा, असं हेमचंद्रानं स्वतःला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिचं हे शिकवणं बघताना त्याला मनातून पटत होतं, की ही बाई जन्मजात मास्तरीण आहे. आणि जसजसं पटत होतं, तसतसं त्याच्या पोटात दुखत होतं.

रविवारी वसुधा लवकर न्हाली आणि तिनं किरमिजी इरकल नेसली. ही साडी ती गणपतीत नेसायची, नाहीतर महाराष्ट्र समाजाच्या हळदीकुंकवाला. हेमचंद्रानं पाहिलं आणि त्याला उगाचच खटकलं, की घरात बसायला कशाला एवढं? पण त्यानं विचारलं नाही. ती राखाडी लोकर घेऊन गच्चीत उन्हात जाऊन बसली. दहा वाजता तो एकदा वर गेला, वर्तमानपत्र शोधायला. साडेदहाला गेला, टाकीतलं पाणी बघायला.

"आज कुठे जायचंय का तुम्हाला?" वसुधानं विणता विणता विचारलं.

"नाही. का?"

"सहज."

अकराला दहा कमी असताना तो तिसऱ्यांदा वर गेला. शब्द अगदी ओठावर होते. कपूरथला सायकलरिक्षानं पाच मिनिटांवर. 'वसू, चल, तुला एके ठिकाणी जायचंय' एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे ते सेंटर आलं. तिथे वीस बायका वसुधाला मॅडम म्हणतायत आणि नकवी सर तिला उस्ताद म्हणतायत. बाजारात भाजीवाला म्हणतोय, वो मैडम के मिस्टर हैं. आणि हेमचंद्र ताम्हनकर, ज्याच्या अक्षराचं कार्ड मिरजेत फिरलं, तो पिशवी धरून मागं उभा आहे. त्याला ते सहन झालं नाही. स्पष्टच सांगायचं तर बायको मोठी झालेली त्याला बघवेना. माझी परीक्षा उद्या होऊन जाऊ दे, मग सांगू, सर थांबतील, असं त्यानं मनाशी म्हटलं. सर थांबणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. तो खाली आला आणि रेडिओ लावून बसला.

साडेबारा वाजता वसुधा गच्चीतून उतरली. तिनं साडी बदलली, घडी घातली आणि कुकर लावला.

सोमवारी सकाळी एसीच्या खोलीत पुन्हा चार खुर्च्या होत्या. या वेळी चौदा कोपऱ्यांची खाचाखाचांची पट्टी होती. हेमचंद्रानं कागदावर बोट ठेवलं आणि ओठातल्या ओठात सुरू केलं.

"क्या बोल रहे हैं, ताम्हनकरजी?" मिश्राजींनी विचारलं.

"कुछ नहीं, सर."

मी इथे आहे. उजवीकडे ऐंशी. मी इथे आहे. वर पंधरा. बोट एकदाही कोपऱ्याकडे गेलं नाही. यादी झाल्यावर त्यानं डावीकडचं उजवीकडचं मिळवून बघितलं, वरचं खालचं मिळवून बघितलं, आणि मगच टाइप करायला घेतलं. चौदावी रेघ पहिल्या बिंदूला अशी जाऊन भिडली, की मिश्राजी खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले. आदेशनंही पुढे होऊन हात मिळवला. दुपारी चारला पितळी चावी हेमचंद्राच्या खिशात होती.

त्यानं रेवडीचा पुडा घेतला आणि स्कूटर दामटली. वाटेत त्याला फार मोठ्या मनानं वागावंसं वाटत होतं. आता आपलं जागेवर आहे, आता सांगायला हरकत नाही. नकवी सरांना आपणच जाऊन भेटू, गळ घालू. आपणच बायकोला तिथे लावून दिली, असंही मग म्हणता येईल. माणसाला चावी मिळाली की त्याचं मन असं दिलदार होतं.

दारात वसुधा उभी होती. किरमिजी इरकल नेसलेली.

"मिळाली?" तिनं विचारलं. त्यानं चावी दाखवली. तिचा चेहरा खरोखर उजळला, त्यात काही खोटं नव्हतं. तिनं चावी हातात घेऊन बघितली, देवापुढे ठेवली, मग पानं घ्यायला लागली. "हातपाय धुवा. आज लवकरच जेवू."

"कुठे गेली होतीस?" साडीकडे बघत त्यानं विचारलं.

"कपूरथल्याला. सेंटरमध्ये." ती ताटं मांडत राहिली. "शुक्रवारी लोकर काढताना पाकीट दिसलं. माझं नाव होतं त्याच्यावर, म्हणून वाचलं. वाचून होतं तिथे ठेवून दिलं."

हेमचंद्र खुर्चीवर बसायचा तो अर्धवट वाकलेलाच राहिला. शुक्रवारी. म्हणजे मटारचा दाणा ठेवायच्या आधी.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. काल साडी नेसून बसले होते. तीनदा वर आलात, तिन्ही वेळा वाटलं, आता सांगतील." तिचा आवाज चढला नव्हता. "साडेबारापर्यंत बसले. मग म्हटलं, आता नाही सांगायचे."

"आज काय म्हणाले ते?"

"काल एकपर्यंत वाट बघितली म्हणाले. मग दुसऱ्या एक बाई आल्या होत्या, त्यांना घेतलं. पण मला कागदावर एक यादी करून दाखवायला लावली, आणि मग त्या बाईंचे दोन दिवस काढून मला दिले. मंगळवार आणि शुक्रवार." तिनं पाण्याचे पेले भरले. "पाच होते. दोन मिळाले."

हेमचंद्राच्या हातात रेवडीचा पुडा होता. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"मालकांनी विचारलं, कुणाकडून शिकलात," वसुधा पुढे म्हणाली. "मी तुमचं नाव सांगितलं."

"माझं? खोटं कशाला सांगितलंस?"

"खोटं कुठे? पहिल्या दिवशी तुम्हीच तर सांगितलंत. जिथे आहेस तिथून. वळून बघायचं नाही." तिनं भाजी वाढली. "बसा. गार होतंय."

तो बसला. त्याला लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, चांगली कानांपर्यंत पोचली होती. पण त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, ते जुनंच दुखणं ठसठसत होतं. आपल्याला एका दाण्याएवढं जे जमलं नाही, ते हिला कसं जमतं? ही एवढी सरळ कशी राहू शकते? त्याला आता तिच्या बोटांचा नाही, तिच्या मनाचा हेवा वाटला, आणि त्यावर कपूरथल्यात कुठला वर्ग नव्हता.

अबोलीनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मम्मी, आज सब्जी में नमक डाला ही नहीं."

वसुधानं चाखून बघितलं. "अगंबाई, विसरलेच खरं. अहो, ती बरणी घ्या."

बरणी त्याच्या ताटाशेजारीच होती, रोजच्यासारखी. हेमचंद्रानं तिला हात लावला नाही. "ठीक आहे भाजी," तो म्हणाला आणि खाली मान घालून ती सगळी संपवली.